एक कमी, एक जास्त

वाचकहो, गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक आगगाडी आली. ती तुकड्यातुकड्यांनी आली, आणि ती उभी करता करता माझ्याकडे चाळीस वर्षे थकलेली एक बाकी मला फेडावी लागली. बाकी पैशाची नव्हती, म्हणूनच ती आजवर कोणत्याही ताळेबंदात दिसली नव्हती.

जर्मनीत स्थायिक झालेली आमची थोरली कन्या सुट्टीत आली, तेव्हा तिने आपल्या भाच्यासाठी एक भले मोठे खोके आणले. आत ‘लेगो’च्या विटा होत्या आणि त्या जोडून ‘ओरिएंट एक्स्प्रेस’ ही युरोपातील जुनी, राजेशाही आगगाडी उभी करायची होती. वाफेचे एंजिन, त्यामागे कोळशाचा टेंडर, एक भोजनाचा डबा, एक शयनाचा डबा आणि आठ छोटी माणसे. तुकडे एकंदर २५४०. पूर्ण झाल्यावर गाडीची लांबी चार फुटांना थोडी कमी. किंमत विचारली, तेव्हा कन्येने हसून विषय बदलला. त्यावरून मी काय ते समजलो.

खोक्यावर ‘अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी’ असे छापलेले होते. नातू अकरा वर्षांचा. तेव्हा घरातील मंडळींनी एकमताने मला त्याचा सज्ञान जामीनदार नेमले. निवृत्त माणसाला नकार देण्यास सबळ कारण नसते.

पहिल्याच संध्याकाळी नातवाने विचारले, “आजोबा, एवढ्या गाड्या असताना हीच गाडी कशाला?” प्रश्न रास्त होता. मी दोन दिवस वाचन केले आणि मग त्याला सांगितले. ते आपल्यासारख्या व्यापारी घरांतील वाचकांनाही रुचेल, म्हणून येथे थोडक्यात देतो.

बेल्जियममधील लिएज शहरी नागेलमाकर्स नावाचे एक जुने सावकारी घराणे होते. त्यांची बँक १७४७ पासूनची. त्या घरातील जॉर्ज नागेलमाकर्स हा तरुण १८६७ च्या सुमारास अमेरिकेस गेला आणि तेथे त्याने पुलमन यांचे शयनाचे डबे पाहिले. युरोपात तेव्हा असे काही नव्हते. प्रत्येक देशाची रेल्वे निराळी, सरहद्दीवर उतरावे, गाडी बदलावी, पुन्हा सामान तपासून घ्यावे. हा गृहस्थ परत आला आणि पुढे त्याने ‘वागों-ली’ ही आंतरराष्ट्रीय शयनयान कंपनी काढली. येथे व्यापाऱ्याने लक्ष द्यावे अशी गोष्ट आहे. या माणसाच्या मालकीचे रूळ नव्हते आणि त्याच्या गाड्या ओढणारी एंजिनेही त्या त्या देशातील रेल्वेची असत. त्याच्या मालकीचे होते ते केवळ डबे, त्यांतील नोकरवर्ग आणि सेवा. प्रवासी रेल्वेचे पहिल्या वर्गाचे भाडे रेल्वेला देई आणि वरची रक्कम या कंपनीला. निरनिराळ्या राज्यांच्या रेल्वे व्यवस्थापनांशी एकेक करार करीत त्याने हा डोलारा उभा केला. या धंद्यात त्याचे खरे भांडवल कोणते, असा प्रश्न मला कोणी परीक्षेत विचारला असता, तर मी ‘पत’ असे एका शब्दात उत्तर लिहिले असते.

४ ऑक्टोबर १८८३ रोजी संध्याकाळी ही गाडी पॅरिसहून निघाली. स्ट्रासबर्ग, म्युनिक, व्हिएन्ना, बुडापेस्ट, बुखारेस्ट असा मार्ग. पुढे सलग रूळच नव्हते. जुर्जू येथे उतरून नावेने डॅन्यूब ओलांडायची, पलीकडे दुसरी गाडी धरून वार्ना बंदर गाठायचे आणि तेथून आगबोटीने कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल. १८८९ मध्ये मार्ग जोडला गेला आणि पॅरिसला बसलेला प्रवासी तीन दिवसांच्या आत त्याच गाडीतून इस्तंबूलला उतरू लागला. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, आल्प्स पर्वताखालील सुमारे वीस किलोमीटरच्या सिम्प्लॉन बोगद्यातून मिलान, व्हेनिस, बेलग्रेड असा दुसरा मार्ग सुरू झाला. १९२९ च्या हिवाळ्यात ही गाडी तुर्कस्तानात बर्फात पाच दिवस अडकून पडली होती. अगाथा ख्रिस्ती यांची १९३४ ची सुप्रसिद्ध रहस्यकथा याच गाडीत, अशाच बर्फात घडते. विमाने आली, गाडीचे वैभव ओसरले आणि मे १९७७ मध्ये पॅरिस ते इस्तंबूल अशी थेट गाडी शेवटची धावली.

आता आमच्या गाडीकडे वळतो. तिचा पहिला आराखडा फ्रान्समधील एका चाहत्याने केला होता. अशा हौशी आराखड्याला दहा हजार लोकांचा पाठिंबा मिळाला, तर कंपनी त्याचा विचार करते. तसा तो स्वीकारला गेला आणि कारखान्यात पुष्कळ बदल होऊन खोक्यात आला. तुकडे क्रमांक घातलेल्या पिशव्यांतून येतात. सोबत एक जाडजूड पुस्तिका असते. तिच्यात अक्षर जवळजवळ नाही, केवळ चित्रे. प्रत्येक पायरीवर कोणते तुकडे किती घ्यायचे हे एका चौकटीत दाखवलेले असते आणि खाली ते कोठे बसवायचे त्याचे चित्र. मला ही पद्धत एकदम ओळखीची वाटली. वर व्हाउचर आणि खाली नोंद. प्रत्येक नोंदीला आधार आणि प्रत्येक आधाराची नोंद.

मी स्वयंपाकघरातून स्टीलच्या बारा वाट्या मागून आणल्या. एकीत निळे, एकीत काळे, एकीत सोनेरी, असे तुकडे वेगळे केले. “आमटी कशात वाढू?” असे सौ.ने विचारले, त्याचे उत्तर आम्हा दोघांपाशी नव्हते.

या विटांविषयीही दोन शब्द सांगायला हवेत. ओले कर्क क्रिस्टियान्सन या डॅनिश सुताराने १९३२ साली बिलुंड या लहानशा गावी लाकडी खेळणी करावयास आरंभ केला. आजच्या विटेचे पेटंट २८ जानेवारी १९५८ चे. त्या वर्षीची वीट आजच्या विटेवर नीट बसते. सहा समान विटा, प्रत्येकीवर आठ गोल उंचवटे (नातू त्यांना बटणे म्हणतो), एवढ्यांची जुळणी ९१,५१,०३,७६५ प्रकारे होऊ शकते. त्यांतला आपल्याला हवा तो प्रकार एकच असतो. या सुताराची एक गोष्ट कंपनी आजही सांगते. त्याचा मुलगा एके दिवशी आनंदाने धावत आला आणि म्हणाला, “बाबा, आज मी आपले पैसे वाचवले. लाकडी बदकांना तीन हात रोगण देतो, त्याऐवजी दोनच दिले.” बाप म्हणाला, “स्टेशनवर जा, खोकी परत आण, तिसरा हात दे आणि पुन्हा नेऊन पोचव. हे सारे तू एकट्याने करायचे. रात्र लागली तरी चालेल.” मुलाने तसे केले, आणि पुढे कंपनी त्यानेच वाढवली.

ही गोष्ट मी नातवाला मोठ्या रंगात येऊन सांगितली. दुसऱ्याच्या मुलाने रोगण पुन्हा दिल्याची गोष्ट सांगणे सोपे असते.

एंजिन आठ संध्याकाळी लागून पूर्ण झाले. टेंडर लौकर झाला. भोजनाचा डबाही झाला. गर्द निळा रंग, त्यावर सोनेरी अक्षरे. छप्पर उचलले की आत मेजे मांडलेली. मग शयनाचा डबा घेतला. त्याच्या तळाची बांधणी मी स्वतः केली, कारण पाया अनुभवी माणसाने घालावा असे मी जाहीर केले होते. भिंती नातू चढवीत होता. तिसऱ्या संध्याकाळी पुस्तिकेत आठ बटणांची एक काळी पट्टी मागितली होती. ती वाटीत नव्हती.

आम्ही बाराही वाट्या पाहिल्या. रिकाम्या पिशव्या उलट्या करून झटकल्या. पट्टी नाही. मी म्हणालो, “काल तू पसारा आवरलास. तूच कोठेतरी पाडली असशील.” तो म्हणाला, “नाही आजोबा, मी मोजून ठेवल्या होत्या.” मी म्हणालो, “मोजून ठेवल्या असत्यास, तर आता सापडली असती. आठशे रुपयांचे काम असो की आठ पैशांचे, निष्काळजीपणा तो निष्काळजीपणाच.” हे मी सर्वांच्या देखत, म्हणजे त्याची आई, आजी आणि शेजारच्या काकू बसलेल्या असताना बोललो. मुलगा काही बोलला नाही. सोफ्याखाली वाकून पाहिले, केरसुणीने काढलेला कचरा पुन्हा पसरून पाहिला, आणि न जेवता झोपायला गेला.

सकाळी मी देवपूजा आटोपून बाहेर आलो, तर तो वाट्यांपुढे मांडी घालून बसला होता. हळू आवाजात म्हणाला, “आजोबा, एक आठाची कमी आहे ना? पण सहाची एक जास्त आहे.”

वाचकहो, चौतीस वर्षे मी बँकेत हिशेब जुळवले. एक कमी आणि एक जास्त याचा अर्थ मला कोणी सांगण्याची गरज नव्हती. तुकडा हरवला असता, तर नुसता कमी झाला असता. कमीही आहे आणि जास्तही आहे, म्हणजे अदलाबदल झाली आहे. मी पुस्तिका मागे उलटली. डब्याच्या पोटात, जेथे सहाची पट्टी लावायची तेथे मी आठाची लावली होती. रंग तोच, रुंदी तीच. वर मजला चढल्यामुळे ती दिसेनाशी झाली होती. पुरावा रात्रभर वाटीत पडून होता. मी तो पाहिला नाही, कारण चूक माझी असू शकेल ही शक्यताच मी तपासात घेतली नव्हती.

आणि तेथे, हातात पुस्तिका धरून, मला एकाएकी दुसरा एक मुलगा आठवला.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नवा अधिकारी होतो. त्या काळी सारे लेजर हाताने लिहिले जाई आणि ठरावीक मुदतीने बचत खात्यांच्या शिलका बॅलन्स बुकात उतरवून त्यांची बेरीज जनरल लेजरशी जुळवावी लागे. एका सहामाहीस आमचा २७० रुपयांचा फरक आला. शाखेत नुकताच लागलेला एक तरुण कारकून लेजरमधून आकडे वाचीत होता आणि मी ते उतरवीत होतो. फरकाला नवाने पूर्ण भाग गेला, तर दोन अंकांची उलटापालट झालेली असण्याचा संभव असतो, हा जुना ठोकताळा मीच त्याला शिकवला होता. २७० ला नवाने भाग जातो. तेव्हा उलटापालट झाली हे उघडच होते. प्रश्न कोणाच्या हातून, एवढाच होता. मी साऱ्या हॉलसमोर म्हणालो, “तुमच्या पोस्टिंगमध्ये आहे. लक्ष नसते तुमचे. आकडे लिहिता येत नसतील, तर दुसरी नोकरी पाहा.” तो दोन रात्री उशिरापर्यंत बसून आपली प्रत्येक नोंद तपासत राहिला.

तिसऱ्या संध्याकाळी मी एकटाच असताना मला फरक सापडला. एका खात्याची शिलक ४,६३० होती. बॅलन्स बुकात ४,३६० लिहिलेले होते. अक्षर माझे. मी आकडा खोडून दुरुस्त केला, लाल शाईने सही केली. सकाळी त्याला सांगितले, “फरक मिळाला.” त्याने विचारले, “कोठे होता, साहेब?” मी म्हणालो, “होता एका ठिकाणी. कामाला लागा.” सहा महिन्यांनी त्याची बदली झाली. बॅलन्स बुक जुळले, वर कळवले गेले, माझी प्रशंसाही झाली.

नातू अजून माझ्याकडे पाहत होता. मी त्याला म्हणालो, “पट्टी मी चुकीची लावली. तू हरवली नाहीस. काल सर्वांसमोर तुला बोललो ते चुकले. मला क्षमा कर.” तो क्षणभर गोंधळला, मग म्हणाला, “मग आता पुन्हा खोलायचे?” मी म्हणालो, “हो. आणि तिसरा हात मी देणार.” त्या संध्याकाळी त्याची आई, आजी आणि शेजारच्या काकू यांना मुद्दाम बोलावून मी तीच गोष्ट पुन्हा सांगितली. आरोप ज्यांच्यासमोर केला, त्यांच्यासमोरच तो मागे घेतला पाहिजे. एवढा न्याय खात्यातील चुकीच्या नोंदीलाही आपण देतो.

पट्टी काढण्यासाठी भिंती उतरवाव्या लागल्या. तीन संध्याकाळचे काम गेले. ते करता करता मी नातवाला याच ‘वागों-ली’ कंपनीच्या एका डब्याची गोष्ट सांगितली. २४१९ क्रमांकाचा तो भोजनाचा डबा. फ्रेंच सेनापती फॉश यांनी त्याचे कचेरीत रूपांतर केले होते आणि ११ नोव्हेंबर १९१८ रोजी कॉम्पिएन्यच्या जंगलात याच डब्यात पहिल्या महायुद्धाच्या युद्धविरामावर सह्या झाल्या. जर्मनीचा तो पराभव होता. पुढे डबा स्मारक म्हणून जपला गेला. १९४० च्या जून महिन्यात फ्रान्स हरला, तेव्हा हिटलरने तोच डबा संग्रहालयातून काढून त्याच जागी नेला आणि त्यातच फ्रान्सला सही करावयास लावली. मग तो बर्लिनला नेला, आणि १९४५ मध्ये युद्ध संपता संपता तो नष्ट झाला. नातू म्हणाला, “म्हणजे हिशेब फिटला?” मी म्हणालो, “नाही रे. खतावणीत तीच रक्कम उलट्या बाजूला लिहिली, एवढेच. व्याज दोन्ही देशांनी भरले.”

हे बोलून गेलो आणि मलाच झोप येईना. साऱ्यांची मिळून क्षमा मागणे सोपे असते. त्या वेळी कोणाचे नाव घ्यावे लागत नाही, कोणती चूक तेही सांगावे लागत नाही. एका विशिष्ट माणसाची, एका विशिष्ट चुकीसाठी, आकड्यासह क्षमा मागणे निराळे. दुसऱ्या दिवशी मी जुन्या सहकाऱ्यांना फोन केले. चौथ्या फोनला त्या कारकुनाचा नंबर मिळाला. तोही आता निवृत्त झालेला, मुलाकडे राहणारा.

मी नाव सांगितले. क्षेमकुशल झाले. मग म्हणालो, “आपल्या शाखेत एकदा सहामाहीला फरक आला होता, तुम्हाला आठवते का?”

“दोनशे सत्तर,” तो म्हणाला. मी आकडा उच्चारण्याआधीच.

मी सारे सांगितले. तुम्ही बरोबर वाचलात, मी उलटा लिहिला. कळल्यावरही सांगितले नाही. क्षमा मागण्यास चाळीस वर्षे उशीर झाला आहे. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, “मला तेव्हाच शंका आली होती, साहेब. लाल सही तुमची होती. पण विचारणार कसे? पुढे किती तरी वर्षे मी प्रत्येक आकडा लिहून झाल्यावर बोट ठेवून पुन्हा वाचत असे. लोक म्हणत, हा फार काळजीपूर्वक काम करतो. काळजी नव्हती ती, भीती होती.” आणि थोड्या वेळाने, “आज सांगितलेत, बरे केलेत.” त्याने क्षमा केली की नाही ते मी विचारले नाही. तो हक्क त्याचा. मग त्याने विचारले की आज एकदम हे कसे आठवले. मी म्हणालो, नातवाबरोबर आगगाडी बांधतो आहे. तो हसला.

आपल्या घरांतून पेढ्या चालतात, दुकाने चालतात. हाताखाली मुनीम असतो, पोरगेले नोकर असतात, धंद्यात नुकतेच बसू लागलेले मुलगे आणि सुना असतात. संध्याकाळी गल्ला जुळत नाही, तेव्हा आवाज चढतो आणि बोट नेहमी खालच्या दिशेला वळते, कारण वर बोट दाखवण्याची सोय कोणालाच नसते. माझी विनंती एवढीच, की दुसऱ्याची वही तपासण्याआधी थोरल्याने आपले अक्षर एकदा तपासावे. आणि चूक आपली निघाली, तर ती लाल शाईत गुपचूप दुरुस्त करून थांबू नये. ज्याच्या नावे ती टाकली होती, त्याच्या खात्यावरून ती सर्वांसमक्ष उतरवावी. रकमेचा फरक तीन दिवसांत मिळतो. माणसाच्या मनातील फरक पुढच्या पानावर ओढला जातो, आणि कित्येकदा तो आयुष्याच्या अखेरच्या पानापर्यंत जातो.

आमची गाडी पूर्ण झाली. तिला मोटर नाही. ती दिवाणखान्यातील कपाटावर उभी आहे. शेवटी काही बारीक तुकडे उरले. मी पुन्हा अस्वस्थ झालो, कारण बँकेत रोकड जास्त भरणे हीदेखील चूकच असते. परंतु नातवाने समजावले की सर्वांत लहान तुकडे हरवतात, म्हणून कंपनी ते मुळातच एखादा जास्त घालते. त्याने ते एका डबीत ठेवले. वाट्या घासून स्वयंपाकघरात परत गेल्या.

शयनाच्या डब्याच्या पोटात आता सहाची पट्टी आहे. बाहेरून ती दिसत नाही. ती जागेवर आहे, हे आम्हा दोघांना ठाऊक आहे.